अर्धी गोष्ट, पूर्ण तिकीट

तालुक्याच्या गावातले एकपडदा चित्रपटगृह, रविवारचा सहाचा खेळ. चित्रपट दक्षिणेतला, हिंदीत डब केलेला. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण गेल्या काही वर्षांतली आणखी चार नावे त्या जागी तितकीच चालली असती. पडद्यावर नायकाने मागे वळून पाहिले, ढोल घुमले, पडदा काळा झाला आणि नावांची पाटी वर सरकू लागली. कोणी उठेना. अजून काहीतरी बाकी असणार, असे सगळ्यांनाच वाटत होते. शेवटी डोअरकीपरने बाजूचा दरवाजा उघडला, बाहेरच्या ट्यूबलाइटचा पांढरा उजेड आत आला आणि हातातली बॅटरी खुर्च्यांवरून फिरवत तो म्हणाला, "संपला, संपला. उठा." माझ्या पुढच्या रांगेतला आठ-नऊ वर्षांचा मुलगा वडिलांना विचारत होता, "पप्पा, मग त्याच्या आईला कोणी सोडवलं?" वडील अंधारात पायाने चपला शोधत होते. "दुसरा पार्ट येणार आहे त्याचा." "कधी?" याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते, आणि ते अजून निर्मात्यांनीही दिलेले नाही.

मी मोठ्या, दणदणीत, शिट्ट्या वाजवायला लावणाऱ्या चित्रपटांचा चाहता आहे, हे आधीच सांगून टाकतो. ज्यांना हा प्रकार मुळातच नकोसा वाटतो त्यांची तक्रार वेगळी असते. माझी तक्रार भुकेल्या माणसाची आहे, अपचन झालेल्याची नव्हे. चित्रपट दोन भागांत काढण्याला माझा विरोध नाही. पहिला भाग स्वतःपुरता पूर्ण नसताना त्याचे तिकीट मात्र पूर्ण चित्रपटाच्या दराने विकले जाते, दुसरा भाग कधी येईल आणि येईल की नाही याचा पत्ता नसतो, आणि ही गोष्ट प्रेक्षकाला आत बसल्यावर, तीन तास उलटल्यावर कळते. या व्यवहाराला माझा विरोध आहे. बाजारात घर किंवा बैल घेताना विसार दिला, तर त्याची पावती मिळते आणि त्या पावतीवर उरलेला व्यवहार कधी पुरा होणार तेही लिहिलेले असते. आपण चित्रपटगृहात देतो तोही आता विसारच झाला आहे, फक्त पावती मिळत नाही.

यात बिघडले काय ते समजण्यासाठी आपल्या मध्यंतराकडे पाहिले पाहिजे. हॉलिवूडच्या चित्रपटाला सहसा मध्यंतर नसते. आपल्याकडे परदेशी चित्रपटही कुठेतरी मधेच तोडून दाखवतात, ते कँटीनच्या सोयीसाठी. भारतीय लेखक-दिग्दर्शकांनी मात्र या सक्तीच्या थांब्यातून एक कला उभी केली. मध्यंतराआधीच्या दहा मिनिटांत गोष्ट अशा कड्यावर आणून ठेवायची, की प्रेक्षकाने वडा खाताना शेजाऱ्याशी त्याबद्दलच बोलावे आणि घंटा होताच अर्धवट चहा टाकून आत पळावे. ‘आरआरआर’मध्ये इंग्रज गव्हर्नरच्या वाड्यात ट्रकमधून रानटी जनावरांसह भीम उडी घेतो, तो प्रसंग मध्यंतराच्या तोंडावर येतो. त्याच रात्री दोन मित्र एकमेकांसमोर शत्रू म्हणून उभे राहतात, आणि आपण बाहेर येतो तेव्हा छाती धडधडत असते. त्या धडधडीचे मोल इतकेच, की पंधरा मिनिटांनी गोष्ट पुढे चालू होते आणि तीन तासांनी, घरी जाण्यापूर्वी, त्या शत्रुत्वाचा निकाल लागतो. राज कपूरांच्या ‘संगम’ला आणि ‘मेरा नाम जोकर’ला तर दोन मध्यंतरे होती. लोक दोनदा बाहेर आले, दोनदा आत गेले, पण गोष्ट एकाच तिकिटात संपली. आज मोठ्या चित्रपटांनी पंधरा मिनिटांचे मध्यंतर उचलून चित्रपटाच्या शेवटी नेऊन ठेवले आहे आणि ते दोन-तीन वर्षांचे करून टाकले आहे.

याची सुरुवात ‘बाहुबली’ने केली असे म्हणतात, आणि म्हणून सर्वात मोठा दोषही त्यालाच देतात. मला ते पटत नाही. १० जुलै २०१५ रोजी पहिला भाग आला आणि २८ एप्रिल २०१७ रोजी दुसरा. मधली जवळपास दोन वर्षे ‘कटप्पाने बाहुबलीला का मारले’ हा प्रश्न चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे विचारला गेला, आणि तो विचारण्यात लुबाडले गेल्याचा सूर कुठेच नव्हता. कारण पहिल्या भागात आपल्या पदरात पुष्कळ पडलेले होते. शिवा धबधबा चढतो, साखळदंडातल्या देवसेनेला सोडवतो, आपला जन्म कोणत्या कुळातला ते त्याला कळते. मागच्या पिढीत कालकेयांशी युद्ध होते, ते जिंकले जाते, आणि दोन भावांपैकी सिंहासन कोणाला याचा निवाडा राजमाता शिवगामी करते. हे सगळे सुरू होऊन संपते. मग अगदी शेवटी, उंबऱ्यावर निरोप घेताना कोणी कानात काही सांगावे तसा, कटप्पाचा कबुलीजबाब येतो. तो प्रश्न वरकड होता. जेवण झाले होते, विडा तेवढा राहिला होता.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. दुसरा भाग कधीच निघाला नसता, तर पहिला पाहिल्याचे समाधान उरले असते का? ‘केजीएफ’चा पहिला भाग या कसोटीला उतरतो. रॉकीला गरुड नावाच्या खलनायकाला मारण्यासाठी पाठवले जाते आणि चित्रपट संपतो तेव्हा त्याने गरुडाला मारलेले असते. ‘गँग्ज ऑफ वासेपूर’चे दोन भाग २०१२ मध्ये अवघ्या दीड महिन्याच्या अंतराने आले, तरीही पहिला भाग सरदार खानाच्या मरणाशी येऊन थांबतो, म्हणजे एका माणसाची गोष्ट तेथे पुरी होते. ५ डिसेंबर २०२५ रोजी आलेल्या ‘धुरंधर’बद्दल माझी मते संमिश्र आहेत, त्यातल्या हिंसेचा चवीचवीने केलेला तपशील मला अनेकदा नकोसा झाला. पण तीन तास चौतीस मिनिटांत कराचीच्या ल्यारी भागातला गुंड रहमान डकैत उभा राहतो, वाढतो आणि पडतो, हे मान्य करावे लागते. शिवाय दुसऱ्या भागाची १९ मार्च २०२६ ही तारीख पहिल्या भागाच्या शेवटी पडद्यावरच लिहिली होती. म्हणजे विसार घेतला आणि पावती दिली. ‘पुष्पा’चा पहिला भाग मला लंगडा वाटतो. मुळात एकच चित्रपट म्हणून सुरू झालेल्या कामाचे २०२१ मध्ये दोन भाग करायचे ठरले आणि तो सांधा दिसतो. ज्याच्याशी खरा सामना व्हायचा तो पोलिस अधिकारी शेखावत चित्रपट संपत आला असताना प्रवेश करतो, आणि त्याच्याशी झटापट सुरू होते न होते तोच लग्नाचा मांडव दाखवून आपल्याला घरी पाठवतात. बरे, तीन वर्षांनी दुसरा भाग आला तर तोही तीन तास वीस मिनिटे चालून शेवटी एका स्फोटाशी थांबला आणि तिसऱ्या भागाचे नाव पडद्यावर आले. समजूत काढलेल्या विहिणीसारखी ही गोष्ट दर वेळी नव्याने रुसते.

त्यानंतरची रांग मात्र कसोटीच्या जवळही फिरकत नाही. ‘देवरा’ने सप्टेंबर २०२४ मध्ये अखेरच्या क्षणी मुलानेच बापाला भोसकल्याचे दाखवले आणि ‘का’ हा प्रश्न आपल्या हातात ठेवला. कटप्पाचा प्रश्न उसना घेतला, पण तो विचारण्याआधी जे कमवावे लागते ते कमवायचे राहून गेले. देवरावर आपला इतका जीव जडलेलाच नसतो, की त्याला कोणी मारले याची हुरहूर लागावी. ‘सालार’चा पहिला भाग डिसेंबर २०२३ मध्ये आला. त्यातला पूर्वार्ध नायकाने हात उगारू नये यासाठीच्या धडपडीत आणि उत्तरार्ध खानसार नावाच्या नगरीतल्या टोळ्या, तह आणि नियम समजावण्यात जातो, आणि दोन मित्रांचे वैर का झाले, हे जे सांगण्यासाठी सगळे मांडले होते, ते सांगायचेच राहते. जुलै २०२४ मधल्या ‘इंडियन २’ने तर कमालच केली. चित्रपटाच्या शेवटी तिसऱ्या भागाची झलक दाखवली आणि ती झलक पाहून प्रेक्षकांना वाटले, की खरा चित्रपट तो होता, आपण पाहिला तो नव्हे.

‘कल्की २८९८ एडी’चे उदाहरण यात सर्वात बोलके आहे. नाग अश्विन यांचा हा चित्रपट २७ जून २०२४ रोजी आला. मला तो आवडला होता. कुरुक्षेत्राची सुरुवात, म्हाताऱ्या अश्वत्थाम्याच्या भूमिकेतले अमिताभ बच्चन, काशीचे उद्ध्वस्त दर्शन, हे सगळे मनापासून आवडले होते. पण कमल हासन यांचा खलनायक यास्किन त्यात मोजक्या प्रसंगांत दिसतो, नायक कोण होता ते शेवटच्या काही मिनिटांत कळते, आणि जिच्या पोटात कल्की वाढतो आहे त्या सुमतीला कोठे नेले जाणार, या प्रश्नावर सगळे थांबते. पुढच्या वर्षी, सप्टेंबर २०२५ मध्ये, निर्मात्यांनी जाहीर केले, की सुमतीची भूमिका करणारी दीपिका पदुकोण दुसऱ्या भागात नसेल. कोणाचे काय बिनसले हा त्यांचा आपसातला मामला. प्रेक्षक म्हणून मला एवढेच दिसते, की संपूर्ण गोष्ट जिच्या उदराभोवती फिरत होती ती बाई गोष्टीच्या मध्यावर निघून गेली आणि ज्यांनी अर्ध्या गोष्टीचे पूर्ण पैसे मोजले त्यांना विचारायला कोणी आले नाही. हिंदीतल्या ‘ब्रह्मास्त्र’ची गत याहून निराळी नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘भाग पहिला’ म्हणून तो आला, शेवटी देवचा दगडी पुतळा जागा झाला, आणि दिग्दर्शक अयान मुखर्जी दुसऱ्या भागाआधी ‘वॉर २’ करून मोकळे झाले. माणसांचे करार संपतात, नट वयाने वाढतात, निर्मात्यांचे दिवस फिरतात. अर्धी सोडलेली गोष्ट या सगळ्याच्या दयेवर राहते.

निर्माते हे का करतात, यात गूढ काही नाही. आपल्या चित्रपटगृहांचे घड्याळ कित्येक दशके बारा, तीन, सहा, नऊ असे चालत आले. तीन तासांच्या आतला चित्रपट त्यात नीट बसतो. साडेतीन तासांचा लागला की वेळा सरकवाव्या लागतात, आणि पाच तासांचा लावला तर दिवसाचे दोनच खेळ होतात, म्हणजे चित्रपटगृहाच्या मालकाचा अर्धा गल्ला बुडाला. उलट पाच तासांचा ऐवज दोन चित्रपटांत वाटला की तिकीट दोनदा, उपग्रह वाहिन्यांचे हक्क दोनदा, ओटीटीचे हक्क दोनदा, संगीताचे हक्क दोनदा. शेकडो कोटींचे सेट आणि संगणकावरची दृश्ये एकदाच उभारली की त्यांचा खर्च दोन चित्रपटांवर विभागला जातो. मोठ्या नटाच्या तारखाही एका झपाट्यात मिळतात. व्यापारी म्हणून हे हिशेब चोख आहेत आणि व्यापाऱ्याने हिशेब करू नये असे मी म्हणणार नाही. मणिरत्नम यांनी ‘पोन्नियिन सेल्वन’चे दोन्ही भाग बरोबरच चित्रित केले आणि सप्टेंबर २०२२ व एप्रिल २०२३ असे सात महिन्यांच्या अंतराने दाखवले. पाच खंडांच्या कादंबरीला दोन भाग लागणे समजू शकते, आणि सात महिने माणूस गोष्ट लक्षात ठेवू शकतो. खटकते ते दुसऱ्या भागाची संहिताही हातात नसताना पहिला विकून, त्याचा गल्ला पाहून, मग दुसऱ्याचे ठरवणे. त्यात जोखीम प्रेक्षकाच्या गळ्यात आणि नफा निर्मात्याच्या खिशात, अशी वाटणी होते.

पण पैशांचा मुद्दा मी शेवटी दुय्यम मानतो. एका बैठकीत पाहिलेली गोष्ट आणि तोडून पाहिलेली गोष्ट या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि आपण पहिली वस्तू गमावत चाललो आहोत, हे माझे खरे दुखणे आहे. ‘सैराट’ आठवून पाहा. २९ एप्रिल २०१६ रोजी आलेला हा चित्रपट जवळपास तीन तासांचा आहे आणि त्याचे सरळसरळ दोन तुकडे पडतात. पूर्वार्धात विहीर आहे, केळीची बाग आहे, ‘याड लागलं’ आहे, बुलेटवरची आर्ची आहे. उत्तरार्धात हैदराबादची झोपडपट्टी आहे, डोशाची गाडी आहे, संशय आहे आणि हळूहळू बसत जाणारी संसाराची घडी आहे. आजच्या रिवाजाने कोणी निर्माता भेटला असता तर त्याने हा चित्रपट आर्ची-परश्याच्या पळून जाण्यापाशी नक्की तोडला असता, आणि पहिल्या भागानेच विक्रम केले असते. मग दोन वर्षांनी दुसरा भाग आला असता, आणि शेवटी शेजारणीकडून परतलेले ते तान्हे पोर रक्तात पाय बुडवून बाहेर येते तो आवाज नसलेला प्रसंग आपण पाहिलाही असता. पण तो अंगावर आला नसता. तो अंगावर येतो, कारण दोन तासांपूर्वी आपण त्याच दोघांबरोबर नाचलो होतो आणि ती धुंदी अजून अंगातून उतरलेली नसते. नागराज मंजुळे यांनी पूर्वार्धात आपल्याला जे सुख दिले तेच उत्तरार्धात आपल्याविरुद्ध वापरले. हे हत्यार एका बैठकीतच चालते, मध्ये दोन वर्षांची झोप घेतली की त्याची धार जाते. फेब्रुवारी २०२५ मधल्या ‘छावा’बद्दलही हेच म्हणता येईल. त्यातल्या गाण्यांबद्दल आणि काही पात्रांच्या रेखाटनाबद्दल माझे आक्षेप आहेत, परंतु संगमेश्वरच्या कैदेपाशी पहिला भाग संपवण्याचा मोह तेथे सहज होऊ शकला असता. तो झाला नाही, म्हणून रणात गर्जणारा राजा आणि साखळदंडातला राजा एकाच संध्याकाळी दिसला, आणि लोक चित्रपटगृहातून गप्प होऊन बाहेर पडले.

लांबीची सबब मला मान्य नाही. १५ जून २००१ रोजी ‘लगान’ आला तेव्हा तो तीन तास चव्वेचाळीस मिनिटांचा होता. त्यात दुष्काळ होता, अकरा खेळाडू एकेक करून जमवणे होते, आणि मग जवळजवळ संपूर्ण क्रिकेटचा सामना होता. कोणी ‘लगान: भाग पहिला’ काढून भुवन बॅट उचलतो तेथे पडदा पाडला नाही. यापुढची गंमत अशी, की ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी खुद्द दिग्दर्शक राजामौली यांनी ‘बाहुबली’चे दोन्ही भाग जोडून ‘बाहुबली: द एपिक’ या नावाने एकच चित्रपट प्रदर्शित केला. दोन्ही मिळून साडेपाच तासांच्या आसपास असलेला मजकूर कापून त्यांनी पावणेचार तासांच्या घरात बसवला, म्हणजे ‘लगान’इतकाच. अवंतिकेच्या प्रेमकथेचा मोठा भाग गेला, काही गाणी गेली, आणि काय आश्चर्य, गोष्टीचे काही बिघडले नाही. उलट कटप्पाची तलवार आणि तिचे कारण एकाच बैठकीत पाहताना शिवगामीचा निर्णय आणि तिचा पश्चात्ताप यांच्यातले अंतर इतके कमी झाले, की रम्या कृष्णन यांचा अभिनय मला पहिल्यांदाच अखंड दिसला. दोन भागांची प्रथा ज्या चित्रपटाने रूढ केली त्याच्याच दिग्दर्शकाने दहा वर्षांनी ती गोष्ट एकात मावते हे दाखवून दिले, आणि तरीही कोणा निर्मात्याने यातून काही घेतल्याचे दिसत नाही.

आपल्या मराठीत मोठ्या विषयाला तुकड्यांत मांडण्याचा एक निराळा मार्ग दिग्पाल लांजेकर यांनी चोखाळला आहे. त्यांच्या शिवराज अष्टकात एका राजाचे चरित्र आठ चित्रपटांत वाटायचे ठरलेले आहे. ‘फर्जंद’मध्ये पन्हाळा, ‘फत्तेशिकस्त’मध्ये लाल महाल, ‘पावनखिंड’मध्ये बाजीप्रभू, ‘शेर शिवराज’मध्ये अफझलखान, ‘सुभेदार’मध्ये कोंढाणा. चित्रपट म्हणून या सगळ्यांचा दर्जा सारखा नाही. युद्धांची मांडणी पुनःपुन्हा तीच वाटते आणि संवाद कधीकधी व्याख्यानाच्या अंगाने जातात. पण एका मोहिमेला एक चित्रपट ही शिस्त त्यांनी पाळली. बाजीप्रभू तोफेचा आवाज ऐकून डोळे मिटतो, तेव्हा ‘पुढील भागात पाहा’ अशी पाटी येत नाही. मराठी निर्मात्याला अर्धी गोष्ट विकणे परवडतही नाही. ज्या चित्रपटाला दुसऱ्या आठवड्यात किती खेळ मिळतील याची शाश्वती नसते, त्याने दुसऱ्या भागाचा वायदा कशाच्या जोरावर करायचा? गरिबीमुळे आलेली का असेना, ही शिस्त मला मोलाची वाटते.

यावर माझ्या एका मित्राचा आक्षेप असा, की क्रमशः गोष्ट सांगणे आपल्याला नवे नाही. मासिकांतल्या कादंबऱ्या क्रमशः येत, दूरदर्शनवर १९८७ मध्ये सुरू झालेले रामायण दर रविवारी तुटत होते, मग चित्रपटानेच काय घोडे मारले आहे? आक्षेप वजनदार आहे, पण दोन गोष्टी त्यात सुटतात. पहिली अंतराची. पुढचा रविवार सात दिवसांवर असतो आणि त्यासाठी वेगळे तिकीट पडत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, ती थांबण्याच्या जागेची. आपल्या परंपरेत गोष्ट कोठे थांबवावी याचा फार बारकाईने विचार झालेला आहे. कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग असतात, पण नुसता पूर्वरंग ऐकून कोणी उठला तरी अभंगाचे निरूपण त्याच्या पदरात पडलेले असते. ग्रंथाच्या सप्ताह-पारायणात कोणत्या दिवशी कोणत्या अध्यायाशी थांबायचे ते ठरलेले असते, आपल्याला झोप आली म्हणून पोथी कोठेही मिटत नाहीत. आणि पुणे आकाशवाणीवर १९५५ च्या रामनवमीला ‘गीतरामायण’ सुरू झाले तेव्हा गदिमा आणि सुधीर फडके यांनी संपूर्ण रामकथा छप्पन्न गाण्यांत, दर आठवड्याला एक अशी सांगितली. त्या छप्पन्नांतले कोणतेही एक गाणे आज स्वतंत्र ऐका, ते पूर्ण असते. आठवडाभर वाट पाहायला लावण्याचा अधिकार त्या दोघांनी दर आठवड्याला नव्याने कमावला होता.

यासाठी कायदा करा, असे मी म्हणणार नाही. चित्रपटाने कोठे संपावे हे सरकार ठरवू लागले तर आजच्याहून वाईट दिवस येतील. पण काही साध्या गोष्टी निर्माते आणि चित्रपटगृहे आपणहून करू शकतात. तिकिटावर आणि बुकिंगच्या पडद्यावर आज चित्रपटाची भाषा असते, मिनिटे असतात, यूए १३+ की यूए १६+ ते असते. त्याच ओळीत ‘भाग १’ हे दोन शब्द ठळक असावेत, नावाच्या शेपटीला बारीक अक्षरांत नव्हेत, आणि पोस्टरवरून गायब तर नव्हेतच. दुसऱ्या भागाचे चित्रीकरण पुरे झाल्याशिवाय पहिला दाखवू नये. दुसरा भाग येईल तेव्हा आदल्या आठवड्यात पहिला कमी दरात मोठ्या पडद्यावर पुन्हा लावावा, कारण तीन वर्षांनी कोणता सरदार कोणाचा मेहुणा होता हे प्रेक्षकाच्या लक्षात राहत नाही, आणि ते आठवण्यासाठी त्याने ओटीटीचे वेगळे पैसे भरावेत ही अपेक्षा उद्धट आहे. ज्या कुटुंबाला चार तिकिटे, पार्किंग आणि पॉपकॉर्न मिळून एका संध्याकाळी दीड-दोन हजार रुपये मोजावे लागतात, त्याला एवढे सौजन्य तर मिळायलाच हवे.

आता सगळ्यांचे डोळे नितेश तिवारी यांच्या ‘रामायण’कडे लागले आहेत. रणबीर कपूर राम, साई पल्लवी सीता, यश रावण, संगीताला ए. आर. रहमान आणि हान्स झिमर, आणि पहिला भाग २०२६ च्या दिवाळीला व दुसरा २०२७ च्या दिवाळीला, असे निर्मात्यांनी जाहीर केले आहे. दोन तारखा आधीच सांगितल्या हे मला आवडले. पण या चित्रपटापुढची अडचण इतरांपेक्षा मोठी आहे. येथे ‘पुढे काय’ हा प्रश्न विकताच येणार नाही, कारण पुढे काय ते पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असते. कटप्पाचे गुपित येथे नाही. म्हणून पहिल्या भागाला स्वतःच्या बळावर पूर्ण व्हावेच लागेल, आणि मूळ कथेत त्यासाठी कांडांच्या रूपाने बांधीव विसाव्याच्या जागा आहेत. भरत पादुका डोक्यावर घेऊन परततो ही एक जागा आहे. सुवर्णमृगामागे धावणारा राम आणि रिकामी पर्णकुटी ही जागा कांडाच्या मध्येच येते, पण व्यापाराच्या नजरेला तीच पहिल्यांदा दिसेल.

माझ्या आईचे वय पंच्याहत्तर आहे. ‘गीतरामायण’ रेडिओवर ऐकत ती वाढली, आणि मल्टिप्लेक्सच्या पायऱ्या चढण्याचा तिला कंटाळा आहे. तरी या चित्रपटाला न्यायचे असे मी ठरवले आणि तिला तसे सांगितले. तिने भाजी निवडता निवडता विचारले, "पहिल्या भागात कुठवर दाखवणार आहेत?" मी म्हणालो, "अजून कळलेलं नाही, बहुतेक सीताहरणापर्यंत असेल." तिने मेथीची काडी मोडली आणि म्हणाली, "मग तू जाऊन ये. तिला तिकडे ठेवून मी वर्षभर घरी बसायची नाही."